कुंपणाबाहेर आलेलं पाणी गोपनीय कसं?

प्रति,
लष्करी तळांचे प्रमुख, संरक्षण मंत्रालयांतले पर्यावरण अधिकारी आणि पाण्याचं नियमन करणाऱ्या यंत्रणा

विषय : तळांवरून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येणारी रसायनं

महोदय, महोदया,

एका साध्या अर्जाला आलेल्या उत्तरामुळे हे पत्र लिहावं लागतंय. आमच्या शुद्धीकरण केंद्राला ज्या नदीचं पाणी मिळतं, तिच्या वरच्या अंगाला एक लष्करी हवाई तळ आहे. तळाच्या आवारातलं पावसाचं पाणी ज्या ठिकाणी नाल्याला मिळतं, तिथले तपासणी अहवाल मी रीतसर मागितले. उत्तर आलं : सुरक्षेच्या कारणास्तव ही माहिती देता येत नाही. विमानं किती, दारूगोळा कुठे ठेवलाय, पहारा कधी बदलतो, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. कुंपण ओलांडून बाहेर आलेल्या आणि पुढे लोकांच्या नळात जाणाऱ्या पाण्यात काय आहे, एवढंच विचारलं होतं.

हे उत्तर मला मान्य नाही. आणि अशी उत्तरं वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या गणवेशांतली माणसं देत आलीत, म्हणून एका तळाला खासगी पत्र न पाठवता तुम्हा सगळ्यांना उघडपणे लिहिते आहे.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आणि माझा धाकटा भाऊ हवाई तळावरच्या अग्निशमन पथकात नोकरी करून निवृत्त झाला. सरावात त्यांच्या अंगावर आग विझवायचा फोम उडायचा, बुटांत शिरायचा, आणि तशाच कपड्यांनी ही मुलं जेवायला बसायची. हे साबणाच्या पाण्यासारखंच आहे, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्याच्या रक्ततपासणीचा कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यावरची नावं मला नवी नव्हती : पीएफओएस, पीएफएचएक्सएस, त्याच फोममधली रसायनं. नदीच्या नमुन्यांत रोज हीच नावं मी शोधते. त्यामुळे या पत्रात सैनिक एका बाजूला आणि नागरिक दुसऱ्या बाजूला अशी मांडणी तुम्हाला सापडणार नाही. तळावर राहणारी, तिथलं पाणी पिणारी कुटुंबं या प्रश्नात सगळ्यात आधी भरडली जातात.

फोम का आला, हेही मला माहीत आहे. विमानाचं इंधन पेटलं की नुसत्या पाण्याने ते विझत नाही. पाणी खाली जातं, इंधन वर तरंगत जळत राहतं. 29 जुलै 1967 रोजी अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर लागलेल्या आगीत 134 नाविक गेले. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीबरोबर विकसित केलेला फ्लोरिनयुक्त फोम त्यानंतर झपाट्याने सगळीकडे पोचला. हा फोम इंधनावर पातळ पापुद्रा धरतो, वाफ कोंडतो आणि आग काही क्षणांत दबते. त्याने माणसं वाचवलीत, आणि ते मी नाकारत नाही. पण ज्या कार्बन-फ्लोरिन बंधामुळे तो आगीत टिकतो, त्याच बंधामुळे तो मातीत, पाण्यात आणि रक्तातही टिकतो. ऊन, जंतू, नेहमीचं क्लोरिन यांतलं काहीच त्याला तोडत नाही. पीएफओएस, पीएफएचएक्सएस यांसारखी, पीफास या एका नावाने ओळखली जाणारी ही सगळी रसायनं अशीच चिवट आहेत. खऱ्या आगी क्वचितच लागल्या. फोम मात्र सरावाला, उपकरणांच्या चाचणीला, हँगरच्या छतातली यंत्रणा चालते की नाही हे बघायला वर्षानुवर्षं सोडला गेला आणि नंतर पाइप लावून गटारात धुतला गेला.

आता तक्रारी सांगते.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार : पावसाचं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, हे तुम्ही गृहीत धरलंय. तळावरच्या सांडपाण्याला नियम आहेत, मीटर आहे, कुठेतरी एक नोंदवही आहे. धावपट्टी, हँगरपुढचं पटांगण, गाड्या धुण्याची जागा, इंधन भरण्याची जागा आणि अग्निशमन सरावाचा खड्डा यांवर पडलेला पाऊस मात्र उघड्या चरांतून सरळ नाल्याला जातो. सरावाच्या जागेचं काँक्रीट वर्षानुवर्षं फोम प्यायलेलं असतं. फोम वापरणं बंद झाल्यावरही प्रत्येक पावसात ते थोडं थोडं परत सोडतं. म्हणून ‘आम्ही आता तो फोम वापरत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. मिशिगनमधला वर्टस्मिथ हवाई तळ 1993 मध्ये बंद झाला. तिथून गेलेल्या रसायनांमुळे शेजारच्या व्हॅन एटन तलावाच्या काठी आजही फेस साचतो, आणि त्याला हात लावू नका, असं तिथल्या आरोग्य खात्याला सांगावं लागतं. नैसर्गिक फेस मळकट असतो, त्याला मातीचा वास येतो. हा फेस पांढराशुभ्र, हलका आणि चिकट असतो, वाऱ्याने काठाशी ढिगाने जमतो, आणि मुलांना त्यात खेळावंसं वाटतं. ऑगस्ट 2024 मध्ये टोकियोजवळच्या अमेरिकी योकोता तळावर मुसळधार पावसात अग्निशमन सरावाच्या जागी साचलेलं दूषित पाणी ओसंडून वाहिलं. आसपासच्या नगरपालिकांना ते कळायला ऑक्टोबर उजाडला.

दुसरी तक्रार तपासणीच्या पद्धतीची आहे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हे माझं रोजचं काम आहे. कोरड्या दिवशी नाल्यातून भरलेली बाटली तळाच्या निचऱ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. जमिनीवर साठलेलं सगळं पहिल्या धारेबरोबर सुटतं. म्हणून निचऱ्याचा नमुना मधले काही दिवस कोरडे गेल्यावर येणाऱ्या पावसात, पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात घ्यायचा असतो. ते कष्टाचं काम आहे. पाऊस कधी येईल ते माहीत नसतं, रात्री-अपरात्री निघावं लागतं. पीफासचा नमुना असेल तर नेहमीचा रेनकोटही चालत नाही, कारण पाण्याने न भिजणाऱ्या कापडावर बऱ्याचदा हीच रसायनं असतात आणि नमुना आपल्याच बाहीने बाटतो. टेफ्लॉनचं झाकण चालत नाही. हातमोजे प्रत्येक ठिकाणी बदलायचे, आणि एक कोरी बाटली फक्त शुद्ध पाणी भरून सोबत न्यायची-आणायची, म्हणजे प्रवासात काही मिसळलं का ते कळतं. सांडपाणी, नदी, भूजल, माती यांतलं पीफास मोजण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1633 क्रमांकाची पद्धत जानेवारी 2024 मध्ये पक्की केली. म्हणजे मोजायचं कसं, हा प्रश्न आता उरलेला नाही. तरी मी पाहिलेल्या निचऱ्याच्या अहवालांत काय असतं? आम्लता, गढूळपणा, तेल-ग्रीस. जे मोजलंच नाही ते ‘आढळलं नाही’ म्हणून पुढे जातं.

तिसरी तक्रार त्या तेल-पाणी विभाजकाची, ज्याचा उल्लेख तुमच्या प्रत्येक उत्तरात असतो. ती टाकी एवढंच करते की हलकं तेल वर येऊ देते आणि जड गाळ खाली बसू देते. पाण्यात विरघळलेलं पीफास तिच्यातून सरळ पार होतं. शिवाय फोम स्वतःच तेल आणि पाणी एकजीव करतो, त्यामुळे तो आत आला की टाकीचं मूळ कामही बिघडतं. हिला प्रक्रिया यंत्रणा म्हणून दाखवणं बंद करा.

चौथी : प्रश्न फोमपुरता नाही. सुटे भाग पुसण्यासाठी वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन, रॉकेट इंधनातलं परक्लोरेट, गोळीबार मैदानावरचं शिसं, न फुटलेल्या किंवा अर्धवट फुटलेल्या दारूगोळ्यातलं आरडीएक्स, थंड प्रदेशात विमानांवरचा बर्फ काढायला फवारलेलं ग्लायकॉल, हे सगळं पाण्याबरोबर निघतं. ग्लायकॉल फारसं विषारी नाही म्हणून सोडून देतात. पण ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि नाल्यातले मासे गुदमरतात. मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडवर 1997 मध्ये पर्यावरण संस्थेने लष्कराला जिवंत दारूगोळ्याचा सराव थांबवायला लावला, कारण खालचं भूजल हाच तिथल्या लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा एकमेव साठा होता. असा आदेश देता येतो आणि त्याने देशाचं संरक्षण ढासळत नाही, हे तिथे दिसलं.

पाचवी तक्रार उशिराची आहे. अमेरिकेच्या कॅम्प लेज्यून या मरीन तळावर 1953 ते 1987 या काळात ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन, बेंझीन असलेलं पाणी सैनिकांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी प्यायलं. त्यांना न्यायालयात भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला 2022 साल लागलं. हवाईतल्या रेड हिल इथल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या भूमिगत टाक्यांमधलं विमान इंधन नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 93,000 लोकांच्या पाणीपुरवठ्यात शिरलं. नळाला इंधनाचा वास येतो, असं लोक सांगत असताना सुरुवातीला पाणी सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं. जपानच्या ओकिनावात एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी फुतेन्मा तळाच्या हँगरमधून सुमारे 2,27,000 लिटर फोममिश्रित पाणी सुटलं. त्यातलं निम्म्याहून जास्त गटारांतून तळाबाहेर गेलं, आणि फेसाचे गोळे वस्तीत उडत आले. पुढच्याच वर्षी, साठवलेल्या दूषित पाण्याचं काय करायचं यावर जपान सरकारशी बोलणी चालू असतानाच त्याच तळाने प्रक्रिया केलेलं 64,000 लिटर पाणी सार्वजनिक गटारात सोडून दिलं. या सगळ्यात चूक एखाद्या शिपायाची किंवा झडपेची असेल. पण कळवायचं कधी आणि कोणाला, हा निर्णय मोठ्या खुर्चीतल्या माणसांचा होता.

सहावी : तुमच्यासाठी वेगळा कायदा. एखाद्या रंगाच्या कारखान्याने असं पाणी सोडलं तर त्याला दंड होतो, वीज तोडली जाते. तळाच्या बाबतीत नियामक पत्रव्यवहार करत बसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये निर्णय दिला की केंद्र सरकारच्या आस्थापनांना पाणी-कायद्याखाली मागच्या उल्लंघनांबद्दल दंड करता येत नाही. त्याच वर्षी तिथल्या संसदेने धोकादायक कचऱ्याच्या कायद्यातली ही फट बुजवली. पाण्याच्या कायद्यातली तशीच राहिली. इतर देशांत ही फट वेगळ्या नावाने असते, पण असते. नियामकांनो, ही तक्रार संरक्षण खात्याइतकीच तुमच्यावरही आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने परत पाठवलं म्हणून तुम्ही परत येता, आणि फाईलवर ‘पाहणी प्रलंबित’ असा शेरा पडतो.

सातवी, मुदतवाढ. अमेरिकेच्या कायद्याने तिथल्या लष्कराला जमिनीवरच्या तळांवर फ्लोरिनयुक्त फोमचा वापर थांबवायला 1 ऑक्टोबर 2024 ही तारीख दिली होती. कायद्यातल्याच सवलतीच्या आधाराने ती पुढे ढकलली गेली. पर्याय नव्हता, असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या नागरी विमानतळांच्या अग्निशमन सेवेने 2010 मध्येच फ्लोरिनमुक्त फोम आणायला सुरुवात केली. अमेरिकी लष्कराने स्वतः जानेवारी 2023 मध्ये अशा फोमचा दर्जा ठरवून दिला. नवा फोम वापरायला जास्त कौशल्य लागतं, उपकरणं बदलावी लागतात, हे माझा भाऊही सांगतो. ते प्रशिक्षण द्या. तारीख पुढे ढकलून काँक्रीटमध्ये आणखी एक थर मुरू देऊ नका.

हे सगळं किती गंभीर आहे याबद्दल आता विज्ञानात फारशी टाळाटाळ उरलेली नाही. पीफासमधलंच एक, पीएफओए, माणसात कर्करोग घडवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये जाहीर केलं. चिवट विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने 2009 मध्ये पीएफओएस, 2019 मध्ये पीएफओए आणि 2022 मध्ये पीएफएचएक्सएस आपल्या यादीत घातलं. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस प्रत्येकी लिटरला 4 नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. युरोपीय संघाने 20 पीफासच्या बेरजेवर लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमची, म्हणजे 100 नॅनोग्रॅमची, मर्यादा घातली. स्वीडनमधल्या काल्लिंगे गावाच्या पाण्यात शेजारच्या हवाई तळावरचा फोम उतरला होता. तिथल्या रहिवाशांच्या खटल्यात स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निकाल दिला की रक्तातली पीफासची जास्त पातळी हीच शारीरिक इजा आहे, आजार होईपर्यंत थांबायची गरज नाही. हा निकाल तुमच्या कायदेशीर सल्लागारांनी वाचलेला असेलच.

पैशांबद्दल थोडक्यात. मूळ जागी पाणी अडवण्याचा खर्च तुम्ही वाचवता, तेव्हा तो नाहीसा होत नाही, खालच्या गावांवर येतो. आमच्यासारख्या केंद्रांना सक्रिय कोळशाच्या टाक्या बसवाव्या लागतात. लहान साखळीची, म्हणजे रेणू लहान असलेली, पीफास त्या कोळशातून लवकर निसटतात, म्हणून तो वारंवार बदलावा लागतो. ऑस्ट्रेलियात विल्यमटाउन, ओकी आणि कॅथरिन या तळांशेजारच्या तीन ठिकाणच्या लोकांना तिथल्या सरकारने 2020 मध्ये 21.25 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन दावा मिटवला. न्यू मेक्सिकोत कॅनन हवाई तळाशेजारच्या एका गोठ्यातल्या 3,000 हून जास्त गायी मारून टाकाव्या लागल्या, कारण त्यांचं दूध विकता येत नव्हतं आणि मांसही. ही भरपाई जनतेच्याच करातून जाते. त्यापेक्षा सरावाच्या खड्ड्यावर छप्पर घालणं स्वस्त पडलं असतं.

माझ्या मागण्या अशा :

1. तळाच्या हद्दीतून पावसाचं पाणी जिथे जिथे बाहेर पडतं ती सगळी ठिकाणं नकाशावर दाखवा आणि तिथले निकाल, चांगले-वाईट सगळे, जाहीर करा. आत काय आहे ते दाखवू नका. कुंपणाच्या रेषेवरचं पाणी पुरेसं आहे.

2. तपासणी पावसात करा, पहिल्या धारेची करा, आणि तळाच्या ताब्यात नसलेल्या प्रयोगशाळेकडून करा. नमुना दोन भागांत विभागून एक भाग खालच्या पाणीपुरवठा केंद्राला द्या.

3. अग्निशमन सरावाच्या जुन्या जागांवर पाऊस पडू देऊ नका. छप्पर, बांध, बंद टाकी यांतलं जे लवकर होईल ते आधी करा. फोम मुरलेलं काँक्रीट आणि माती नंतर काढा, आणि ती दुसऱ्या कुणाच्या जमिनीवर भरावाला पाठवू नका.

4. अडवलेलं पाणी तळावरच स्वच्छ करा. सक्रिय कोळसा, आयन बदलणारी राळ, फेस काढून दूषण वेगळं करण्याची पद्धत, हे सगळं उपलब्ध आहे. वापरलेला कोळसा आणि राळ कुठे गेली याची नोंद शेवटपर्यंत ठेवा. पाणी मिसळून आकडा खाली आणणं म्हणजे प्रक्रिया नव्हे, आणि सार्वजनिक गटार ही विल्हेवाटीची जागा नव्हे.

5. फ्लोरिनयुक्त फोम बंद करायची एक तारीख ठरवा आणि ती पाळा. गाड्यांच्या टाक्या आणि नळ्या नीट धुऊन घ्या, नाहीतर भिंतींना चिकटलेलं पीफास नव्या फोममध्ये उतरतं. ते धुण्याचं पाणीही गोळा करा.

6. काही सांडलं तर 24 तासांच्या आत खालच्या सगळ्या पाणीपुरवठा केंद्रांना कळवा. आम्हाला पाणी उचलणं थांबवायला तेवढा वेळ मिळाला तरी खूप आहे.

7. नियामकांना पूर्वसूचनेशिवाय निचऱ्याच्या ठिकाणी जाऊ द्या, आणि कारखान्याला जो दंड, तोच तळाला लावा.

8. अग्निशमन पथकांत काम केलेल्या सगळ्यांची, निवृत्तांसकट, रक्ततपासणी करून निकाल त्यांच्या हातात द्या.

यातली पहिली, दुसरी आणि सहावी मागणी पूर्ण करायला नवं यंत्र लागत नाही, मोठी तरतूद लागत नाही. आदेशावर एक सही लागते. म्हणून त्या तिन्हींचं उत्तर मला 30 दिवसांत हवं आहे. उरलेल्यांसाठी तारखांसह आराखडा द्या. दुसऱ्या मागणीसाठी माणसं नाहीत असं म्हणणार असाल, तर आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही काही जण स्वतःच्या वेळात, कुठलंही मानधन न घेता नमुने घ्यायला तयार आहोत. फाटकाच्या आत यायची आम्हाला गरज नाही.

आपली,
पाणीपुरवठा केंद्राच्या प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ